बारा तासांची मुदत

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणाऱ्या राजूर घाटाच्या माथ्यावर, अथवा चिखली, मेहकर, खामगाव यांपैकी कोणत्याही गावाबाहेर जेथे वस्ती संपून शेते सुरू होतात तेथील डांबरी रस्त्याच्या कडेला, पहाटे पाचच्या सुमारास जो कोणी जाऊन उभा राहील, त्याच्या कानी प्रथम पावलांचा आवाज येईल आणि धावणारी मुले मागाहून अंधारातून प्रकट होतील. कोणाच्या पायांत बूट असतात, कोणाच्या पायांत काहीच नसते. एकाच्या हातातील मोबाइलवर घड्याळ चालू असते आणि रस्त्यावर चुन्याने ओढलेली एक रेघ ही त्यांची अंतिम सीमा असते. ही मुले हौसेने धावत नाहीत. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, सैन्याच्या भरतीतही मुलांचे अंतर तेवढेच आहे, आणि त्या पाच-साडेपाच मिनिटांत पदरात पडणाऱ्या गुणांवर एखाद्या कोरडवाहू कुटुंबाची पुढच्या तीस वर्षांची भाकरी अवलंबून असते. सोळाशे मीटरांवर त्यांचे धावणे थांबते, कारण सरकारी तक्ता तेथे संपतो. आणि भरतीचे वय उलटले म्हणजे बहुतेकांचे धावणे कायमचेच थांबते.

याच काळात याच राज्यातील दुसरा एक वर्ग, ज्याला पोटासाठी धावण्याची कधी गरज पडली नाही, तो पदरचे पैसे मोजून पन्नास, सत्तर, नव्वद किलोमीटर धावावयास निघाला आहे. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटरांचे अंतर ओलांडले की पुढच्या सर्व शर्यतींना ‘अल्ट्रा’ म्हणण्याचा शिरस्ता आहे. लडाखात खारदुंग ला ही खिंड ओलांडणारी ७२ किलोमीटरांची शर्यत भरते, मुंबईत स्वातंत्र्यदिनी शिवाजी पार्काच्या परिसरात पहाटेपासून बारा तास धावण्याचा उपक्रम होतो, आणि दक्षिण आफ्रिकेतील ‘कॉम्रेड्स’ या शर्यतीला तर अलीकडे शेकडो भारतीय जातात, ज्यांत मराठी डॉक्टर, अभियंते, वकील आणि व्यापारी यांचा भरणा कमी नसतो. चाळिशी-पन्नाशीतल्या सुखवस्तू गृहस्थाने एवढा प्रवास करून परमुलखात दिवसभर धावावे आणि नखे काळी करून परत यावे, या प्रकाराची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. थट्टेचे त्यांचे स्वातंत्र्य मला मान्य आहे. परंतु त्या शर्यतीची घडण एकदा नीट पाहावी, असे मी सुचवितो, कारण तिच्यात बुलढाणा जिल्ह्याने उचलून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

ही कॉम्रेड्स शर्यत सुरू करणारा व्हिक क्लॅपहॅम हा रेल्वेचे इंजिन चालविणारा मनुष्य. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर असताना आपल्या पलटणीबरोबर त्याने सुमारे २,७०० किलोमीटर पायपीट केली. त्या युद्धात जे सोबती गेले त्यांचे स्मारक दगडाचे न उभारता श्रमाचे उभारावे, असे त्याच्या मनाने घेतले आणि पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन या रस्त्यावर धावण्याची शर्यत भरविण्याची परवानगी त्याने माजी सैनिकांच्या संघटनेकडे मागितली. असल्या अंतरावर साधे नागरिक धावले तर मरतील, या धास्तीने त्याला नकार मिळाला. दुसऱ्या वर्षीही नकारच मिळाला. क्लॅपहॅमचे म्हणणे एवढेच होते की, जी माणसे काल दुकानात तागडी धरीत होती किंवा कचेरीत कारकुनी करीत होती तीच जर पाठीवर ओझे घेऊन अर्धी आफ्रिका तुडवू शकली, तर हा रस्ता त्यांना जड का व्हावा? अखेर १९२१ मध्ये मंजुरी मिळाली, आणि खर्चासाठी एक पौंड मिळाला, तोही परतफेडीच्या बोलीने. त्या वर्षीच्या २४ मे रोजी ३४ जण निघाले आणि १६ पोचले. पहिल्या आलेल्या बिल रोवनला ८ तास ५९ मिनिटे लागली. ज्या पीटरमॅरिट्झबर्गहून ते निघाले त्याच गावाच्या स्थानकावर ७ जून १८९३ च्या रात्री मोहनदास गांधी या तरुण बॅरिस्टराला पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरविण्यात आले होते. त्यामुळे हा रस्ता आपल्याला अगदीच परका म्हणता येणार नाही.

पीटरमॅरिट्झबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचावर आहे आणि डर्बन समुद्रकाठी. मधला रस्ता टेकड्यांचा असून त्याची लांबी, मार्गात थोडाफार फरक होत असल्याने, ८५ ते ९० किलोमीटरांच्या दरम्यान असते. एका वर्षी शर्यत डर्बनहून वर चढते, पुढच्या वर्षी पीटरमॅरिट्झबर्गहून खाली उतरते. आणि अननुभवी मनुष्याला जे वर्ष सोपे वाटते ते, म्हणजे उताराचे, मांड्यांच्या स्नायूंच्या दृष्टीने अधिक क्रूर असते असा जाणत्यांचा निर्वाळा आहे. या मार्गावरील पाच मोठ्या टेकड्यांपैकी एकीचे नाव बोथाज हिल आहे, हे वाचून बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचा आपला बोथ्याचा घाट मला आठवला. दोन नावांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. योगायोगाची गंमत एवढीच.

परंतु त्या शर्यतीचा प्राण टेकड्यांत नाही, तो मुदतीत आहे. आज ही मुदत बारा तासांची आहे. बारा तास पुरे होण्याच्या क्षणी एक पदाधिकारी अंतिम रेषेजवळ, येणाऱ्या धावकांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. कोण किती जवळ आले आहे हे दिसल्यास त्याचा हात अडखळेल, म्हणून ही पाठ. बार होताच रेषा बंद होते, आणि जो दोन पावलांवर आहे त्याची नोंद, दिवसभर धावूनही, पुरी न करणाऱ्यांत होते. याउलट बार होण्यापूर्वी एक क्षण आधी जो रेषेवर पाय ठेवतो त्याला पदक मिळते, आणि मैदानातील हजारो प्रेक्षक विजेत्याच्या आगमनाला जेवढा गजर करतात त्याहून मोठा गजर या शेवटच्या माणसांसाठी करतात. कित्येकदा दोघे मिळून तिसऱ्याला, ज्याचे पाय निकामी झाले आहेत त्याला, खांद्याखाली धरून आणताना दिसतात. स्पर्धेचे जे रूप आपण शाळेपासून पाहत आलो, ज्यात पहिला, दुसरा आणि तिसरा यांच्याखेरीज इतरांचे अस्तित्वच कोणी मोजत नाही, त्याच्याशी हे रूप विसंगत आहे. येथे दर्जा न पाहता मुदत पाहतात. मुदत सर्वांना सारखी, आणि तिच्या आत येणारा प्रत्येक मनुष्य मानाचा धनी. लांब अंतराच्या शर्यतीत भाग घेण्यासारखे जे काही आहे ते माझ्या मते एवढ्यात आले, आणि बाकीचे, म्हणजे उंची बूट, मनगटावरची घड्याळे व पदकासह काढलेली छायाचित्रे, हे त्याचे ओझे आहे.

या शर्यतीच्या इतिहासात एका शेतकऱ्याची हकीकत आहे, आणि ती कपाशीच्या व सोयाबीनच्या भावासाठी कचेरीवर मोर्चे नेण्याची वहिवाट असलेल्या आपल्या जिल्ह्याला विशेष रुचावी. आर्थर न्यूटन हा नाताळ प्रांतात शेती करीत असे. त्याच्या जमिनीसंबंधी त्याचे सरकारशी भांडण होते. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, दफ्तरातून उत्तर येईना. तेव्हा, आपले नाव जर वर्तमानपत्रांतून गाजू लागले तर आपल्या गाऱ्हाण्यालाही वाचक मिळतील, अशा सरळ हिशेबाने, चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या मनुष्याने १९२२ च्या आरंभी धावण्याचा सराव सुरू केला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ही शर्यत जिंकली. पुढे १९२३, १९२४, १९२५ आणि १९२७ या वर्षीही तोच जिंकला. नाव झाले, कीर्ती झाली, परंतु सरकारने दाद दिली नाही, आणि न्यूटन नाताळ सोडून ऱ्होडेशियात गेला. मार्गाच्या कडेला दरडीत कोरल्यासारखी एक बैठक आहे, तिला ‘आर्थरची बैठक’ म्हणतात, आणि आजचे धावक जाता जाता तेथे फूल ठेवून त्याला सुप्रभात म्हणतात. जमीन गेली, बैठक राहिली. शेतकऱ्याच्या बाबतीत सरकारे आणि समाज यांचे वर्तन सर्वत्र असेच असते काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

कोणाचे धावणे नोंदले जाते आणि कोणाचे नाही, हाही या इतिहासातला एक कटू भाग आहे. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या स्त्रीने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला, तरीही ती धावली आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचली. पदक तिला मिळाले नाही, म्हणून प्रेक्षकांनी वर्गणी काढून तिला चांदीची भांडी दिली. १९३५ मध्ये रॉबर्ट म्‌त्शाली हा कृष्णवर्णीय धावक अनधिकृतपणे धावला. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश मिळावयास १९७५ साल उजाडावे लागले. त्या म्‌त्शालीच्या नावाचे पदक आज दिले जाते. आपल्याकडे या प्रकारचा अन्याय कायद्याने कोणी केला नाही, हे खरे. परंतु प्रवेश-शुल्क, बूट आणि रेल्वेचे भाडे यांची बेरीज करून पाहिली म्हणजे राजूर घाटातील मुलगा अशा शर्यतीपासून किती दूर आहे ते कळते. वस्तुतः महाराष्ट्रात लांब अंतराच्या धावण्याचा आरंभ त्याच्यासारख्यांनीच केला. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा यांना हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिम्पिकला पाठविण्याची कल्पना सुचली, आणि १९२० मध्ये अँटवर्पला गेलेल्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी तेथील मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्याआधीच्या काळाकडे पाहावे तर पेशवाईची पत्रे पोचविणाऱ्या जासुदांच्या जोड्या याच मुलखातून मजल दरमजल करीत जात असत. दूर अंतर पायांनी कापणे ही शहरातून आलेली चैन आहे, असे वऱ्हाडात तरी कोणी म्हणू नये.

आणि बुलढाणा जिल्ह्यात तर मुळीच म्हणू नये. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची पालखी पाच दशकांहून अधिक काळ आषाढी वारीसाठी पंढरपुरास पायी जाते. अकोला, परभणी, परळी, अंबाजोगाई, सोलापूर या मार्गाने ती सातशेहून अधिक किलोमीटर चालते. ज्येष्ठाच्या उन्हात निघते, मृगाचा पाऊस वाटेत गाठते, आणि महिनाभराने भीमेच्या तीरी पोचते. परतीच्या वाटेवर ती सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव या आपल्या जिल्ह्यातील गावांवरून येते, आणि खामगाव ते शेगाव या अखेरच्या सोळा-सतरा किलोमीटरांच्या टप्प्यात तिच्याबरोबर चालणाऱ्यांची संख्या हजारोंनी वाढते. त्याच सिंदखेडराजा-मेहकर भागातून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटरांचे अंतर त्यावरून मोटारीने आठ तासांत कापता येते, आणि ज्या अंतराला पालखीस महिना लागतो तेवढेच अंतर सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत संपते. दोन्ही रस्ते एकाच जिल्ह्यात, दोन्ही गजबजलेले. (आणि तिसऱ्याही एका प्रवाशाविषयी सांगतो: २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ तेलंगणाची हद्द ओलांडून, परत फिरून, शेते, नाले आणि महामार्ग पार करीत आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. त्याची नोंदली गेलेली एकूण भ्रमंती सुमारे तीन हजार किलोमीटरांची भरली. त्याला कोणतीही मुदत नव्हती.)

वारीतील ज्या गोष्टीचे मला सर्वाधिक कौतुक वाटते ती भक्तीच्याही अलीकडची, व्यवस्थेची आहे. ओळी मोडत नाहीत, मुक्काम ठरलेला, विसावा ठरलेला, पाणी कोठे मिळेल हे ठरलेले; वाटेतील गाव आपापल्या वाटणीचे जेवण घालते आणि ते मागच्या वर्षी कोणी घातले होते याची त्या गावाला आठवण असते. कॉम्रेड्स शर्यतीत याचे एक चमत्कारिक प्रतिरूप आहे. ठरावीक वेळेत पोचू इच्छिणारे शेकडो धावक एका अनुभवी धावकाच्या मागे जमतात. त्या जथ्याला तेथे ‘बस’ म्हणतात आणि पुढच्याला ‘ड्रायव्हर’. केव्हा चालावयाचे, केव्हा धावावयाचे, चढावर किती पावलांनी दम घ्यावयाचा हे तो ठरवितो, आणि मागचे गात, टाळ्या वाजवीत त्याच्या गतीने जातात. ज्याने दिंडीत वीणेकऱ्यामागून पावले टाकली आहेत त्याला ही बस समजावून सांगण्याची गरज नाही. नवरात्रात तुळजापूर-माहूरहून ज्योत आणणारी आणि शिवजयंतीला सिंदखेडराजाहून अथवा एखाद्या गडावरून शिवज्योत आणणारी मुलेही पाळीपाळीने रात्रभर धावतातच. फक्त त्यांच्या मागे येणाऱ्या टेम्पोवरील कर्ण्याचा आवाज थोडा कमी झाला, तर त्यांना स्वतःचा श्वास ऐकू येईल.

म्हणून माझी तजवीज अशी की, बुलढाणा ते शेगाव अशी एक लांब शर्यत या जिल्ह्याने स्वतःची म्हणून भरवावी. एका वर्षी घाटावरून घाटाखाली, दुसऱ्या वर्षी घाटाखालून घाटावर. बुलढाणा सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर आहे आणि शेगाव पूर्णेच्या खोऱ्यातील सपाटीवर. निसर्गाने डर्बन व पीटरमॅरिट्झबर्ग यांचीच रचना, समुद्र तेवढा वगळून, येथे करून ठेवली आहे. बोथ्याचा घाट उतरून खामगावमार्गे जाणारा रस्ता जवळचा आणि देखणा असला तरी तो ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, आणि बिबट्या-अस्वलांच्या घरातून शेकडो माणसांची मिरवणूक नेणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यापेक्षा राजूर घाट उतरून मोताळा, नांदुरा आणि तेथून शेगाव हा मार्ग योग्य. अंतर सत्तर किलोमीटरांच्या आसपास भरेल. नेमके किती ते सार्वजनिक बांधकाम खात्याने फितीने मोजून द्यावे. त्याला मुदत द्यावी बारा तासांची. ताशी सहा किलोमीटर म्हणजे काही ठिकाणी धावणे व काही ठिकाणी झपाझप चालणे. एवढ्या वेगात ज्याने शेगावची वारी केली आहे असा धट्टाकट्टा शेतकरीही, चार-सहा महिन्यांचा सराव करून, मुदतीच्या आत येऊ शकेल.

वेळ कोणती धरावी? उन्हाळा सर्वस्वी वर्ज्य, कारण घाटाखालच्या एप्रिल-मे महिन्यांत सावलीत बसलेल्या माणसाचाही जीव कासावीस होतो. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त सिंदखेडराजाला आणि माघ वद्य सप्तमीला प्रकटदिनानिमित्त शेगावला लोकांची रीघ लागते, तेव्हा पोलीस बंदोबस्त तेथे गुंतलेला असतो. डिसेंबरचा उत्तरार्ध त्या मानाने मोकळा. कापूस जिनिंगला नेणारी वाहने रस्त्यावर असतात, ती एक रविवार थांबवावी लागतील, आणि त्यासाठी व्यापाऱ्यांशी आधी बोलावे लागेल. हुकूम काढून हे काम होत नाही.

आता धोक्याविषयी, कारण मी ज्या गोष्टीचा पुरस्कार करीत आहे ती निरुपद्रवी नाही. सत्तर किलोमीटर धावणे म्हणजे शरीराच्या कोठारातील सर्व साठा संपवून पुढे उधारीवर चालणे होय. स्नायूंत आणि यकृतात साठविलेली साखर तीस-पस्तीस किलोमीटरांच्या सुमारास संपत येते आणि नंतर वाटेत जे खाल त्यावरच चालावे लागते. म्हणूनच कॉम्रेड्सच्या मार्गावर मीठ लावलेले उकडलेले बटाटे वाटतात, आणि आपल्याकडे गूळ-शेंगदाणे, केळी, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी ही सामग्री त्याच कामाला उत्तम आहे. पाण्याच्या बाबतीत लोकांची समजूत मात्र उलटी आहे. ‘पाणी प्या, आणखी प्या’ असे जो तो सांगतो. परंतु अति पाणी प्याल्याने रक्तातील सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येते आणि मनुष्य दगावू शकतो, हे दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर टिम नोक्स यांनी लांब शर्यतींतील धावकांच्या अभ्यासावरून १९८५ मध्ये दाखवून दिले. तहानेपुरते प्यावे. वेदनाशामक गोळ्या खाऊन धावणेही घातक, कारण झिजलेल्या स्नायूंचा कचरा गाळता गाळता आधीच दमलेल्या मूत्रपिंडावर त्या गोळ्या आणखी घाला घालतात. लघवी चहाच्या काढ्यासारखी काळपट झाली की शर्यत सोडून रुग्णालय गाठावे. त्यात कमीपणा नाही.

आयोजकांच्या चुकांची किंमत तर याहून भयंकर असते. २०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरांच्या डोंगरी शर्यतीत हवामान एकाएकी पालटले, धावकांच्या अंगावर पुरेसे कपडे नव्हते, मदत वेळेवर पोचली नाही आणि २१ जण गारठून मेले. आपल्या देशात २००६ च्या मे महिन्यात ओडिशातील बुधिया सिंग या चार वर्षांच्या मुलाला पुरी ते भुवनेश्वर असे ६५ किलोमीटर पळविण्यात आले, आणि तो कोवळा जीव कोसळेपर्यंत गर्दी टाळ्या वाजवीत राहिली. ते अंतर आपल्या प्रस्तावित मार्गाच्या जवळपासचेच आहे, हे आयोजकांनी विसरू नये. कॉम्रेड्समध्ये वीस वर्षे पुरी झाल्याखेरीज आणि ठरावीक वेळात मॅरेथॉन पूर्ण केल्याचा दाखला दिल्याखेरीज प्रवेश नाही. आपल्याकडेही वीस वर्षांची अट असावी आणि ती मोडण्याची मुभा कोणाही पुढाऱ्याच्या चिठ्ठीला नसावी. त्याहून लहानांसाठी ज्योतीच्या धर्तीवर दहा-दहा जणांच्या पाळीची शर्यत ठेवावी. ती त्यांना आधीच येते. हृदयाची तपासणी केल्याचे प्रमाणपत्र, दर पाच किलोमीटरांवर पाण्याचे ठाणे, ज्यांतील एक नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमानाच्या मूर्तीपाशी असावे, रस्त्याची एक बाजू बंद, बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि खामगावचे सामान्य रुग्णालय त्या दिवसापुरती सज्ज: एवढा बंदोबस्त झाला नाही तर शर्यत रद्द करावी, आणि रद्द केली म्हणून कोणी आयोजकांना नावे ठेवू नयेत.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्या करतात, उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात, तेथे धावण्याच्या शर्यतीचे चोचले कशासाठी? आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांचा मला आदर वाटतो. शर्यतीने विहिरीला पाणी लागत नाही की कापसाला भाव मिळत नाही. न्यूटनची हकीकत मी वर सांगितलीच आहे. परंतु या आक्षेपात एक गृहीत लपलेले आहे, ते असे की दुःखी जिल्ह्याने केवळ मदतीच्या अर्जांतच आपले नाव वाचावे, आणि त्याच्या तरुणांनी धावावयाचे तर ते केवळ १६०० मीटर, केवळ नोकरीसाठी, आणि तेही नोकरी मिळेपर्यंत किंवा वय सरेपर्यंतच. हे गृहीत मला मान्य नाही. भरतीत अर्ध्या गुणाने मागे राहिलेला मुलगा, ज्याचे फेफडे आणि पाय शाबूत आहेत आणि ज्याला वयाच्या पंचविसाव्या वर्षीच कोणी तरी ‘तू नापास’ म्हणून सांगितले आहे, त्याच्यासाठी पहिल्या क्रमांकाची अट नसलेली, मुदतीच्या आत पोचणे एवढीच अट असलेली एक परीक्षा या जिल्ह्यात असावी. तिच्यासाठी त्याच्याकडून प्रवेश-शुल्क घेऊ नये. शहरातून येणाऱ्या हौशी धावकांकडून दुप्पट घ्यावे, ते देतील, आणि आनंदाने देतील.

बक्षिसाच्या मोठ्या रकमा ठेवू नयेत, चित्रपटातील नट-नट्या झेंडा दाखवावयास बोलावू नयेत, आणि धावणाऱ्यांच्या छातीवर पुढाऱ्यांची छायाचित्रे लावू नयेत. शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव व वेळ यांची एक नोंदवही जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कायम ठेवावी, स्त्रिया, पुरुष, अनवाणी, बूटवाले असा कोणताही भेद न करता. प्रथम काही वर्षे संख्या लहान राहील, ती लहान राहू द्यावी. मोताळ्याच्या नगरपंचायतीने आणि बुलढाणा, नांदुरा व शेगाव या नगरपरिषदांनी आपापल्या सभेत एकेक ठराव करून तो जिल्हाधिकारी कचेरीकडे धाडावा, आणि मार्गाची मोजणी होण्यासाठी बांधकाम खात्याकडे आजच अर्ज करावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.